तीन पडदे की एक मोठा पडदा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि अजनीच्या लोकोशेडमध्ये फिटर असलेले आमचे एक स्नेही मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, एक हिशेब सांगा. पोरीसाठी तीन मॉनिटर घेऊ का एकच मोठा? पतपेढीत साठ हजारांचा अर्ज टाकून राहिलो."

त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली. तिला वैमानिक व्हायचे आहे. घरी एक जुना संगणक, त्याला वापरलेली जॉयस्टिक आणि त्यावर विमान उडविण्याचा सराव. अशा सरावाच्या कार्यक्रमाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. ती रोज रात्री आठला नागपूरच्या धावपट्टीवरून "उड्डाण" करते. या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. खरी विमाने आमच्या वस्तीवरून जातात आणि ही मुलगी दहा बाय बाराच्या खोलीत तेच विमान उतरविण्याचा अभ्यास करते. शेजारचे काही जण हसतात. हसू द्या. आपल्या आजोबांच्या हाती पाटी आली तेव्हाही गावातले लोक हसलेच होते.

परंतु साठ हजारांचे कर्ज ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडत आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत आता मुले संगणकावर बसतात आणि प्रत्येक मुलगा-मुलगी काही ना काही मोठे मागते. मागणी योग्य की अयोग्य, हे ठरविण्याची रीत आई-वडिलांना कळली पाहिजे.

आधी माझी चूक

प्रथम माझी चूक कबूल करतो. वर्षभरापूर्वी आमच्या कार्यालयात जुन्या सामानाचा लिलाव झाला. त्यात १९ इंची दोन मॉनिटर स्वस्तात मिळाले. एकापेक्षा दोन बरे, या सरळ हिशेबाने मी ते या मुलीला नेऊन दिले. आठ दिवसांनी विचारले तर ती संकोचून म्हणाली, "काका, राग नका मानू. दोन लावले की विमानाचं नाकच दिसत नाही."

तेव्हा उलगडा झाला. दोन मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवले की त्यांच्या चौकटींचा जोड बरोबर मधोमध येतो. धावपट्टी नेमकी तिथेच असते! तीन मॉनिटर लावले तर मधला समोर येतो आणि जोड दोन्ही बाजूंना जातात. विमानाच्या खिडक्यांनाही तिथे खांब असतातच, त्यामुळे ते खटकत नाहीत. म्हणून बाहेरचे दृश्य पाहायचे तर एक किंवा तीन, दोन नव्हे. दुसरा मॉनिटर उपयोगी पडतो, पण तो खाली ठेवून त्यावर घड्याळे आणि नकाशे दाखविण्यासाठी.

दोरी आणि कोनमापक

मोठा पडदा म्हणजे किती इंची, असे आपण विचारतो. विमान उडविणाऱ्याने विचारायचे ते, डोळ्याला किती अंशांचा कोन मिळतो. फिटर भाऊंनी हे फार छान करून दाखविले. मुलीच्या नाकाजवळ दोरी धरली, तिची दोन टोके पडद्याच्या दोन कडांना लावली आणि तिच्याच कंपासपेटीतला कोनमापक मध्ये ठेवला.

जुन्या १९ इंची मॉनिटरचा कोन ६० सेंटिमीटर अंतरावरून जेमतेम ३५ अंश भरला. मग आम्ही कागदावर हिशेब केला. २४ इंची रुंद मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. तो ६० सेंटिमीटरवर ठेवला तर सुमारे ४८ अंश. असे तीन मॉनिटर अर्धवर्तुळात ठेवले तर सुमारे १४३ अंश. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो ६५ सेंटिमीटरवर ठेवला तर सुमारे ७२ अंश. माणसाच्या दोन्ही डोळ्यांना मिळून आडवे सुमारे २०० अंश दिसते.

म्हणजे तीन पडदे एका मोठ्या पडद्याच्या दुप्पट दाखवितात. ही बाब खरी आहे आणि तिचा फायदाही खरा आहे. डोळ्याच्या कडेने जमीन सरकताना दिसली की वेग कळतो, विमान किती कलले ते न पाहता जाणवते आणि उतरताना जमीन किती खाली राहिली याचा अंदाज येतो. एका पडद्यावर हे सगळे कमी पडते. त्यावर अनेक जण असा उपाय करतात की त्याच पडद्यात जास्त अंशांचे दृश्य कोंबायचे. सिम्युलेटरमध्ये तशी सोय असते. पण मग सर्व वस्तू लहान आणि लांब दिसू लागतात, धावपट्टी दूर वाटते आणि विमान आदळते. पडदा जवळ घ्यावा, कोन खोटा करू नये, हे बरे.

खांद्यामागची धावपट्टी

एवढे ऐकून भाऊ म्हणाले, "मग तीनच घेऊ." परंतु मुलीने एक गोष्ट दाखविली आणि सगळा हिशेब फिरला.

नवशिक्या वैमानिकाला पहिले बरेच तास एकच काम असते. उडायचे, विमानतळाला आयताकृती फेरी घालायची आणि पुन्हा उतरायचे. याला सर्किट म्हणतात. नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण केले तर तोंड ३२० अंशांकडे असते. डावीकडे वळत गेले की धावपट्टीला समांतर उलट दिशेने, म्हणजे १४० अंशांकडे तोंड करून जावे लागते. तेव्हा धावपट्टी कुठे असते? बरोबर डाव्या हाताला, नाकापासून ९० अंशांवर. पुढे गेले की तिचे टोक डाव्या खांद्याच्या मागे ४५ अंशांवर येते, म्हणजे नाकापासून १३५ अंशांवर. ते टोक तिथे दिसले की वळायचे.

आता पाहा. तीन पडद्यांचे १४३ अंश म्हणजे डावीकडे ७१-७२ अंश आणि उजवीकडे तितकेच. ज्या क्षणी धावपट्टी पाहणे सर्वांत गरजेचे, त्या क्षणी ती तीन पडदे घेऊनही दिसत नाही! मान वळवावीच लागते. खऱ्या विमानात वैमानिक मान वळवतो. इथे जॉयस्टिकच्या टोकावरचे लहान बटन दाबून दृश्य वळवावे लागते.

याहून चांगला एक उपाय आहे. साधा वेबकॅम समोर ठेवायचा आणि ओपनट्रॅक नावाचा फुकट कार्यक्रम संगणकात घालायचा. कॅमेरा डोक्याची हालचाल पाहतो. डोके थोडे डावीकडे वळले की विमानातील दृश्य त्याच्या काही पट डावीकडे वळते, नजर मात्र पडद्यावरच राहते. सुरुवातीला गरगरते. तेव्हा वळण्याचे प्रमाण कमी ठेवावे आणि आठवडाभर सवय करावी. एका पडद्याची उणीव यामुळे पुष्कळ भरून निघते. आणि ज्याच्याकडे तीन आहेत त्यालाही हे लागतेच.

पिक्सेलचा हिशेब

पडद्याच्या किमतीवर हिशेब संपत नाही. पडद्यावर चित्र काढणारा ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग संगणकात असतो. खरा खर्च तो करवितो.

साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. पिक्सेल म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. तीन मॉनिटरचे ६२.२ लाख. फोर-के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२.९ लाख. म्हणजे एका मोठ्या फोर-के पडद्यावर तीन साध्या मॉनिटरपेक्षा जास्त ठिपके आहेत. "एकच आहे, संगणकाला हलका पडेल," हा समज चुकीचा आहे.

तरी फरक असा की फोर-के पडद्यावर सिम्युलेटरला कमी ठिपक्यांत चित्र काढायला सांगून ते ताणून मोठे करता येते. चित्र किंचित मऊ होते, पण काम चालते. तीन पडद्यांचे तसे नाही. बाजूचे दृश्य ताणलेले दिसू नये म्हणून सिम्युलेटरला तीन वेगवेगळ्या कोनांतून तीन चित्रे काढावी लागतात. त्याचा ताण ग्राफिक्स कार्डासोबत मुख्य प्रोसेसरवरही येतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये ही सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या सिम्युलेटरमध्ये ती २०२१ च्या नोव्हेंबरात आली. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर फुकट आहे आणि त्यातही अनेक पडदे जोडता येतात. गरीब घराने सुरुवात फ्लाइटगिअरपासून करावी, असे माझे मत आहे.

दुकानात त्या दिवशी सांगितलेले भाव असे: २४ इंची मॉनिटर साडेआठ हजार, म्हणजे तिन्हींचे साडेपंचवीस, ४३ इंची फोर-के टीव्ही पंचवीस हजार. पडद्यांचा खर्च सारखाच! पण तीन पडदे नीट चालवायला दुकानदाराने नवे ग्राफिक्स कार्ड, नवा वीजपुरवठा डबा आणि स्टँड सांगितले. साठ हजारांचा आकडा तिथून आला होता.

टीव्ही घेताना

ज्यांना मोठा पडदा घ्यायचा आहे त्यांनी या गोष्टी पाहाव्यात. पहिली, फोर-केच घ्यावा. ४३ इंचांवर फुल एचडी असेल तर दर इंचाला जेमतेम ५१ ठिपके पडतात आणि जवळ बसल्यावर घड्याळांवरील आकडे फाटलेले दिसतात. फोर-केवर १०२ पडतात. दुसरी, टीव्हीत गेम मोड आहे का आणि तो चालू केला आहे का ते पाहावे. नसेल तर हाताने जॉयस्टिक हलविल्यावर चित्र उशिरा हलते. उशीर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा असला तरी मुलगा जास्त ओढतो, मग जास्त ढकलतो आणि विमान हेलकावे खाते. दोष हाताचा नसून टीव्हीचा असतो. तिसरी, एचडीएमआय जोडणी २.० किंवा त्यापुढची असावी. १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते.

आणखी एक हिशेब कारकुनाच्या नजरेने सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तोच दर लावला आहे ना, ते वाचून पाहावे.

पडदाच नसलेला सिम्युलेटर

आता थोडा इतिहास. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना. तो तिथेच काम करी. विमान शिकण्याचा खर्च त्याला परवडेना. तेव्हा ऑर्गनला हवा पुरविणारे भाते घेऊन त्याने १९२९ साली एक लाकडी विमान केले. दांडी हलवली की भाते फुगत आणि ते डुलत असे. सुरुवातीला जत्रेतल्या खेळासाठीच लोकांनी ते घेतले. १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे टपालाची विमाने आली. खराब हवेत, केवळ घड्याळे पाहून उडविता न आल्याने अनेक वैमानिक मरण पावले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक हवाई सैनिक अशा यंत्रांवर शिकले.

या यंत्राला बाहेरचे दृश्यच नव्हते. आत बसायचे, वरचे झाकण ओढायचे, की अंधार. समोर फक्त घड्याळे. त्यावर माणसे ढगातून विमान नेण्यास शिकली!

यातून एवढेच घ्यायचे की आधी काय शिकायचे ते ठरवावे. घड्याळे पाहून उडणे, रेडिओच्या दिशेने जाणे, नकाशा वाचणे, विमान सुरू करण्याचा क्रम पाठ करणे. याला एकच पडदा पुरतो, फक्त आकडे स्वच्छ दिसले पाहिजेत. जमिनीवरून वळणे, हेलिकॉप्टर स्थिर ठेवणे, दुसऱ्या विमानाच्या शेजारून उडणे. इथे तीन पडदे खरोखर उपयोगी. विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये तर शेजारी ठेवलेले पडदे नसतातच. प्रोजेक्टर आणि वक्र आरसा वापरून सुमारे १८० अंशांचे अखंड दृश्य दाखवितात. घरच्या तीन पडद्यांनी त्याची बरोबरी होत नाही. आणि घरी कितीही तास उडविले तरी परवान्यासाठी त्यातला एक तासही धरला जात नाही.

आईचा प्रश्न

आमची ही चर्चा चालू असताना मुलीची आई शिलाई मशीनवर बसली होती. ती म्हणाली, "पडद्याचं होईल हो. पण पोरगी खुर्ची रोज पुढं ओढून राहिली. तिच्या डोळ्याचं कोण पाहील?"

आम्ही दोघे पुरुष गप्प झालो. एवढे कोन मोजले, पण पाहणारे डोळे मोजले नाहीत!

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास, म्हणजे सीपीएलला, वय १८ पूर्ण असावे लागते, खऱ्या विमानातील २०० तासांचे उड्डाण लागते, डीजीसीएच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात आणि वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. त्याआधी वर्ग २ ची तपासणी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे होते. चष्मा असला म्हणजे संपले असे नाही. ठरावीक मर्यादेत चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर चालते. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र तो सुरुवातीलाच कळलेला बरा. कित्येक लाखांच्या शिक्षणाची वाट धरायची तर पहिला रुपया या तपासणीवर खर्च करावा, पडद्यावर नंतर.

मुलीनेच निर्णय घेतला. "बाबा, साठचा अर्ज मागे घ्या. आधी तपासणी करू." पंधरा दिवसांत वर्ग २ ची तपासणी झाली. दूरचा नंबर निघाला, चष्मा लागला, रंगदृष्टी उत्तम निघाली आणि ती पात्र ठरली. त्या दिवशी तिची आई मशीन बंद करून नुसती बसून होती.

मग तीस हजारांचे कर्ज काढले. त्यात एक ४३ इंची फोर-के टीव्ही, एक वेबकॅम आणि उरलेले पैसे लेखी परीक्षांच्या पुस्तकांना व शुल्काला. टीव्हीसाठी भाऊंनी लोखंडी पट्ट्यांचा पुढे-मागे सरकणारा स्टँड स्वतः केला. मुलगी सराव करते तेव्हा टीव्ही ६५ सेंटिमीटरवर येतो. संध्याकाळी मागे सरकला की सारे घर बातम्या पाहते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा दीक्षाभूमीवरील सोहळाही याच टीव्हीवर पाहिला जाईल. माझ्या लिलावातल्या दोन मॉनिटरपैकी एक त्याच्याखाली ठेवला आहे, नकाशासाठी. एवढी तरी माझी लाज राखली गेली.

वस्तीचे तीन पडदे

सोण नावाचा भिक्खू पूर्वी वीणा वाजवीत असे. अतिकष्टाने तो खचला तेव्हा तथागतांनी त्याला विचारले होते की वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर निघतो काय? आणि फार सैल सोडल्या तर? त्याने स्वतःच ओळखले की दोन्ही वेळा नाही. आपल्या संसाराच्या तारांनाही हेच लागू आहे. मुलांच्या शिक्षणाला हात आखडणे हे सैल सोडणे, आणि दुकानदाराने सांगितले म्हणून साठ हजारांचे कर्ज काढणे हे तोडेपर्यंत ताणणे.

मग तीन पडदे आपल्या मुलांनी पाहायचेच नाहीत काय? पाहायचे, पण सर्वांनी मिळून. आमच्या विहारालगतच्या अभ्यासिकेत तीन संगणक आहेत आणि त्यांचे मॉनिटर बदलायचेच होते. मी असे सुचविले की तिन्ही एकाच मापाचे, २४ इंची घ्यावेत. सोमवार ते शनिवार तीन मुले तीन पडद्यांवर टंकलेखन आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतील. रविवारी वंदनेनंतर तिन्ही एका टेबलावर अर्धवर्तुळात येतील. त्या दिवसापुरते चित्राची सजावट कमी ठेवून, फ्लाइटगिअरवर काम भागते. एका मोठ्या पडद्याला वाटून घेता येत नाही; तिघांना येते. म्हणून घरात एक आणि अभ्यासिकेत तीन, असा माझा हिशेब आहे. वर्गणी जमा होत आहे आणि पावती प्रत्येकास दिली जात आहे.

ज्यांच्या घरी असा मुलगा-मुलगी असेल त्यांनी तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत. काय शिकायचे आहे? शरीर त्यास पात्र आहे काय? आणि मग, त्यासाठी कमीत कमी काय लागते? उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. तिथल्या प्रवेशासाठी लागतो तो गणिताचा, भौतिकशास्त्राचा आणि इंग्रजीचा अभ्यास. त्याला एक टेबल आणि एक दिवा पुरतो. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी काय अभ्यास केला, ते आपण जाणतोच.

परवा रात्री त्यांच्या घरी गेलो. मुलगी चष्मा लावून पडद्यासमोर बसली होती. मान किंचित डावीकडे वळवली, धावपट्टीचे टोक खांद्यामागे दिसले, तशी ती वळली आणि विमान अलगद टेकवले. आईने मशीनवरूनच विचारले, "उतरली का गं?" ती म्हणाली, "उतरली, आई. आता पुस्तक काढते."

जय भीम! नमो बुद्धाय!